मागच्या काचेसाठी कोलशेतपर्यंत

जायचं ठरलं ते एका फोटोवरून. फोटोत फुलाफुलांची गोधडी होती आणि गोधडीवर एक काच. काच अशी फोटोत दिसत नाही, गोधडीचीच फुलं दिसतात, पण कडेचं वळण मी ओळखलं. डुकराची मागची काच होती ती. खाली हेमंतने लिहिलं होतं, ‘ताई, कोलशेतला पाटीलकाकांकडे आहे. एकच आहे. गाडी घेऊन या.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साठ सालच्या आसपासची ती गोल पाठीची फियाट असते ना, तिला आपल्याकडे प्रेमाने डुक्कर म्हणतात. माझ्याकडे एक आहे, राखाडी रंगाची. लोक गाडीकडे बघून हळव्या आवाजात विचारतात, वडिलांची आठवण का? वडिलांकडे सायकल होती. ही गाडी मी निवृत्तीच्या आधी स्वतःच्या पैशाने, घरच्यांचे टोमणे ऐकत घेतली, आणि ती मीच चालवते. नाशिकला एकटी राहते, शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि कॉपी करणारा चेहऱ्यावरून ओळखायची सवय अजून गेलेली नाही. ही सवय या प्रवासात मला महागात पडली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मागच्या दिवाळीत वरच्या गच्चीतून तुळशीची कुंडी घसरली ती थेट गाडीच्या मागच्या काचेवर. तुळस वाचली. काच मात्र बाजारात मिळत नाही. नवी बनवून घ्यावी तर एका नगासाठी साचा करायला कुणी तयार होत नाही, आणि ॲक्रिलिकची बसवली तर ती दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते असं अनुभवी लोक सांगतात. मी टेबलावर अंथरतात ते जाड प्लास्टिक चिकटपट्टीने लावून दिवस काढत होते. पावसाळ्यात मागची सीट भिजली तर आतला पत्रा सडायला लागणार होता, आणि एकदा पत्रा सडला की या गाड्या संपतात. काच मिळाली नाही तर गाडी विकायची, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. त्यामुळे तो फोटो बघून मला रात्री झोप लागली नाही.

आता आमच्या गटाची पद्धत. डुक्करवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे. पूर्वी कुणी रडून-भेकून एखादा पार्ट मागितला की दुसरा विश्वासाने पाठवून द्यायचा. मग एकाने अशीच हेडलाइटची सगळी कडी गोळा केली, आणि नंतर कळलं की त्याच्याकडे गाडीच नाही. एका हॉटेलच्या भिंतीवर अर्धी कापलेली गाडी टांगली आहे, तिच्या डोळ्यांना ती कडी लावली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून नियम झाला: आधी रिकामी जागा दाखवा, मग वस्तू न्या. फोटो चालत नाही. गाडी विकणाऱ्याच्या दारात उभी करायची, जिथे वस्तू नाही ती जागा त्याला हात लावून बघू द्यायची, आणि शक्यतो तिथेच बसवून न्यायची. एकाच वस्तूसाठी दोन गाड्या असतील तर ज्याची जागा जास्त काळ रिकामी, त्याचा हक्क पहिला. किंमत, विकणाऱ्याने जेवढ्याला घेतली तेवढीच. आणि कुणाची रिकामी जागा तुम्हाला दिसली तर ती सांगायची, लपवायची नाही.

हा हेमंत डोंबिवलीचा. घरून कंप्युटरचं काम करतो. कुणाकडे काय पडून आहे आणि कुणाला काय हवंय याचा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. माझा कार्ब्युरेटर, दाराची रबरं, एक हबकॅप, सगळं त्याच्यामुळे मिळालं. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण फोनवर त्याचा आवाज मी अनेक वर्षं ऐकत होते. निघायच्या आदल्या दिवशी डबा भरताना एक गोष्ट डोक्यात आली. इतक्या वर्षांत हेमंतने स्वतःसाठी एकही पार्ट मागितला नव्हता. गाडीचा फोटोही कधी टाकला नव्हता. साठ वर्षांची गाडी आणि तिला काहीच लागत नाही? माझ्यातली गणिताची बाई डोळे बारीक करून बघायला लागली.

सकाळी लवकर निघाले. आमच्यासारख्या गाड्यांना समृद्धी महामार्ग नको, तिथे माझ्या गतीने गेले तर मागचे सगळे आपलं खानदान काढतील. जुना हायवे बरा. पन्नास-पंचावन्नच्या पुढे मी जात नाही, कसारा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच उतरते, ब्रेकवर विसंबायचं नाही. ज्यांना जुनी गाडी घेऊन हा रस्ता करायचा आहे त्यांनी इगतपुरीला थांबून पाणी बघावं आणि घाटात ट्रकच्या मागे शांतपणे राहावं.

पूर्वी या सगळ्या फेऱ्यांना शेजारच्या सीटवर शुभदा असायची. माझी मैत्रीण. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची, संत्री सोलून द्यायची, आणि ट्रकवाल्यांना माझ्या वतीने रागवायची. गेल्या वर्षी ती बंगळुरूला मुलाकडे कायमची राहायला गेली. ही माझी तिच्याशिवायची पहिली लांबची फेरी. मागचं प्लास्टिक घाटभर फडफडत होतं, त्यामुळे गाणी लावायचा प्रश्न नव्हता. खर्डीच्या पुढे माझ्या लक्षात आलं की पाट्या मीच मोठ्याने वाचते आहे. मग गप्प बसले. गप्प बसल्यावर जास्तच एकटं वाटलं, म्हणून पुन्हा वाचायला लागले.

शहापूरला मिसळ खाल्ली. तिखट आहे, दही मागून घ्या. गाडीभोवती चार माणसं जमली आणि नेहमीचा प्रश्न आला, कितीला देणार? पडघ्याला हायवे सोडून डावीकडे वळलं की बापगावमार्गे गांधारीच्या पुलावरून कल्याणात शिरता येतं. वळणावर ट्रॅफिक पोलिसाने हात केला. मागच्या प्लास्टिकचा दंड भरायची मी तयारी केली, कागदपत्रं काढली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, मॅडम, विकायची आहे का?

कल्याणात जुन्या बाजारात गाड्यांच्या रबराची दोन-तीन दुकानं आहेत. काचेभोवती बसणारं रबर, ज्याला दुकानदार बीडिंग म्हणतात, ते तिथे मीटरवर मिळतं. घरून जुन्या रबराचा तुकडा कापून न्या, नाहीतर ते तुमच्या हातात भलतंच देतील. दुपारी दुकानं बंद होतात, हे माझ्यासारखं तिथे जाऊन शोधू नका. रबर घेऊन मी पत्री पुलावरून शिळ रस्त्याला लागले. मेट्रोच्या कामाचे पत्रे, खड्डे, धूळ. कल्याण ते डोंबिवली मला घाटापेक्षा लांब वाटलं.

हेमंत खाली गेटवरच उभा होता. मी गटातल्या आवाजावरून उंच, जाडसर माणूस कल्पला होता. हा बारीक, पंचेचाळिशीचा, चष्मेवाला निघाला. माझ्या गाडीला त्याने आधी नमस्कार केला, मला नंतर. मग वाकून मागची रिकामी जागा बोटाने चाचपली, रबराची खाच बघितली, आणि समाधानाने मान हलवली.

मी उतरणार होते त्या लॉजला पार्किंग नव्हतं, आणि मागे नुसतं प्लास्टिक असलेली गाडी रस्त्यावर ठेवायची माझी छाती नव्हती. म्हणून गाडी रात्रभर त्याच्या इमारतीत ठेवायचं ठरलं होतं. त्याच्या जागेत एक गाडी कव्हर घालून उभी होती. कव्हरखालची गोल पाठ ओळखू येत होती. शेजारच्या पाहुण्यांच्या जागेत त्याने माझी लावायला सांगितली. मी म्हटलं, अरे, दाखव ना तुझी. तो म्हणाला, नंतर बघू, आता अंधार होईल, आधी चहा घेऊ. त्यानंतर तासभर उजेड होता.

वर घर नीटनेटकं, आणि एका माणसाचं. एकच कप निथळत ठेवलेला, दुसरा त्याने कपाटातून काढून धुतला. माझ्या घरीही हेच करावं लागतं, म्हणून मी ते बघितलं. बोलता बोलता कळलं की बायको आणि तो वेगळे झालेत, मुलगी आईबरोबर बडोद्याला असते, कॉलेजात आहे. लहानपणी ती गाडीत पुढे कधी बसायचीच नाही. मागच्या सीटवर उलटी गुडघ्यांवर बसायची आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना हात करायची. आता वर्षातून एकदा येते ती विमानाने, आणि कॅब मागवून फिरते. हे त्याने हसत सांगितलं. मग लगेच पाटीलकाकांचा पत्ता, नवा पूल कुठून पकडायचा, तिकडे पेट्रोल कुठे भरायचं, हे सगळं समजावून दिलं. उद्या तूही चल, मी म्हटलं. त्याला मीटिंग होती.

लॉज स्टेशनपासून थोडा लांब, एसीशिवाय हजार-बाराशेत, चादरी स्वच्छ. तिथे पडल्या पडल्या मी शुभदाला फोन केला आणि माझा संशय सांगितला. हा माणूस गाडी दाखवत नाही. कव्हरखाली नुसता सांगाडा असेल. आपल्याकडून ओळखी करून घेतो आणि मधल्या मधे वस्तू हॉटेलवाल्यांना पोचवत असेल. शुभदा म्हणाली, तुला त्याने चहा दिला ना, मग गप्प बस. नातवाला झोपवायचं होतं म्हणून तिने फोन ठेवला.

सकाळी मी सांगितलेल्या वेळेच्या बरीच आधी त्याच्या इमारतीत गेले. वॉचमन ओळखीचं हसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं, याला सगळं कळलंय. पण तो फाटक उघडून आपल्या मोबाईलकडे परत गेला. मी हेमंतच्या गाडीच्या मागे जाऊन कव्हराची दोरी सोडली आणि कव्हर वर केलं.

सांगाडा नव्हता. गर्द हिरवी गाडी, माझ्या गाडीपेक्षा दसपट चांगली राखलेली. क्रोम चकचकीत, टायरांत हवा भरलेली, नंबरप्लेट हाताने रंगवलेली. आणि मागच्या काचेच्या जागी पुठ्ठा. नीट माप घेऊन, कोपरे गोल कापून, कडेने काळी पट्टी लावून बसवलेला. पट्टीचा गोंद वाळून पिवळा पडला होता. अशी पट्टी माझ्या गाडीवर सहा-सात महिन्यांत अजून ओलसर आहे. म्हणजे हा पुठ्ठा काही वर्षांचा होता.

मी कव्हर खाली सोडलं, दोरी बांधली, आणि माझ्या गाडीत जाऊन बसून राहिले. चोर पकडायला गेले होते. ज्या काचेचा फोटो त्याने मला पाठवला होता ती त्याची स्वतःची होती. नियमाने पहिला हक्क त्याचा. त्याने जागा कुणाला दाखवलीच नव्हती, म्हणून कुणाला माहीत नव्हतं. आता मला माहीत होतं, आणि मला ती काच हवी होती. खरं सांगते, पहिला विचार हाच आला की मी काही बघितलंच नाही असं धरून चालावं. तो खाली आला, टाटा करायला उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता गाडी बाहेर काढली.

कोपरचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की मोठागावहून माणकोलीला जायला खाडीवर नवा पूल झाला आहे. ज्यांनी शिळफाट्यावर आयुष्याची वर्षं घालवली आहेत त्यांना तो स्वप्नासारखा वाटेल. खाली खाजण, भरतीचं पाणी, बगळे. मला त्यातलं फार काही दिसलं नाही. पुढे खारेगाव, साकेतचा पूल, माजिवडा, मग कापूरबावडीवरून ढोकाळी आणि कोलशेत. इथे टॉवर इतके झालेत की पत्ता विचारायचा तर सुरक्षारक्षकांना विचारावा लागतो, आणि त्यांना पाटील कोण ते माहीत नसतं. शेवटी एका मच्छीवाल्या मावशीने सांगितलं.

पाटीलकाका ऐंशीच्या घरातले, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी. एकेकाळी त्यांच्या घरातली माणसं मिठागरात राबली. आता त्याच जमिनीवर बत्तीस मजल्यांचे टॉवर आहेत, आणि मध्ये यांचं बैठं घर, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये त्यांची काळी डुक्कर. त्यांनी माझ्या गाडीभोवती फेरी मारली, प्लास्टिक सोलून काढलं, रिकाम्या जागेत हात घालून मागच्या सीटला थोपटलं. मग माळ्यावरून गोधडी खाली उतरवली. मी काच बघितली. एक ओरखडा नव्हता. आणि मग मला राहवेना.

मी त्यांना सांगितलं. हेमंतची पण हीच जागा रिकामी आहे, माझ्या कितीतरी आधीपासून. काच त्याची होते.

पाटीलकाकांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ते बाजेवर बसले. “मना म्हाईत हाय गो,” ते म्हणाले. “दोनदा बोलावला त्याला. म्हटला गारी घेऊन ये, काच ने. येतो येतो करतंय नि येत नाय. आता तूच फोन लाव त्याला.”

मी फोन लावला. हेमंतने विचारलं, बसली का काच?

“हेमंत, मी सकाळी तुझ्या गाडीचं कव्हर उचललं,” मी म्हटलं.

मग त्याने विचारलं, “पुढचं की मागचं?”

“मागचं.”

“हं,” तो म्हणाला.

मी माझ्या वर्गातल्या आवाजात त्याला नियम सांगितला. तुझी जागा आधीची आहे, तू ती लपवलीस हेच चुकीचं. नव्या पुलावरून अर्ध्या-पाऊण तासात पोचशील. मीटिंग सोड, गाडी काढ, मी थांबते. गाडी चालत नसेल तर तसं सांग.

“गाडी चालू आहे ताई. रोज सकाळी सुरू करतो. बॅटरी पण नवी आहे. इमारतीतले लोक विचारतात, एवढी चांगली ठेवलीये तर बाहेर का काढत नाही. मी सांगतो, मागची काच नाही. सगळ्यांना पटतं. काच बसली की काय सांगू? मग कुठे जायचं आणि कुणाला घेऊन जायचं ते शोधावं लागेल. तेवढं आत्ता माझ्याच्याने होत नाहीये. तुमची फिरती गाडी आहे, तुम्ही बसवून घ्या.”

मला त्याचा राग आला, आणि रागाच्या खाली भीती वाटली, कारण तो काय म्हणतोय ते मला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. मी म्हटलं, तरी मी थांबते, आणि फोन ठेवला.

पाटीलकाकांनी निवाडा दिला. “दारान उभी हाय त्या गारीची काच. पण आपला जेवन होवंदे. तवर आला तं त्याची.”

काकूंनी सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मी सावकाश जेवले. इतकी सावकाश की काकूंनी विचारलं, तिखट झालं का. कोलशेत रोडला दिवसभर काँक्रीटचे मिक्सर आणि डंपर जातात, पण डुकराच्या इंजिनचा आवाज त्या गोंगाटातूनही वेगळा कळतो. शिवणयंत्र जोरात चालवल्यासारखा असतो तो. प्रत्येक गाडीला माझा हात ताटात थांबत होता. पाटीलकाकाही ऐकत होते, हे मी बघितलं. तिसऱ्यांदा भात वाढून घेण्याइतकी मी निर्लज्ज नाही. शेवटी हात धुतला.

काच बसवायला दोन माणसं लागतात. रबराच्या खाचेत चहूकडून सुतळी भरायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आत बसून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघत जाते तशी रबराची कड आतल्या पत्र्यावर चढत जाते. पाटीलकाका बाहेर, मी आत मागच्या सीटवर, उलटी, गुडघ्यांवर. काचेपलीकडे त्यांचे दोन्ही तळहात आणि त्यामागे टॉवर दिसत होते. ते सांगत होते, हलू, हलू. मी ओढत होते. एका कोपऱ्यात रबर अडलं तेव्हा माझे डोळे भरून आले. घाम होता असं काकांना सांगितलं. शेवटचा वीतभर दोरा निघाला आणि काच आपल्या जागी बसली. त्यांनी वरून एक थाप मारली आणि काच घेताना जेवढे दिले होते तेवढेच माझ्याकडून घेतले. बोंबलाची पिशवी मात्र पैशाशिवाय दिली.

परतताना माणकोलीच्या उड्डाणपुलापाशी मी गाडी हळू केली. तिथून खाडीच्या पुलावर वळले असते तर वीस मिनिटांत हेमंतच्या गेटवर पोचले असते. पण जाऊन काय करायचं होतं? नवी काच लावलेली गाडी त्याच्या पुठ्ठ्यासमोर उभी करायची? मागून हॉर्न वाजले, मी सरळ निघाले. घाट चढताना गाडी एकदा तापली, लतीफवाडीच्या अलीकडे बॉनेट उघडून अर्धा तास थांबले. आरशात कितीतरी महिन्यांनी मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. एक ट्रक बराच वेळ मागे होता, त्याने पुढे जाताना हॉर्नने सलाम ठोकला. पेट्रोल दोन्ही बाजूंचं मिळून अडीच हजारांच्या आत बसलं. एवढ्या पैशांत ही सहल होते, जमल्यास करा. शेजारी कुणीतरी असेल तर अर्थातच बरं.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. पहिला पाऊस येऊन गेला, सीट कोरडी राहिली. गाडी विकायची गोष्ट मिटली. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच तिला काहीही लागत नाहीये. सगळ्या जागा भरल्या. मला वाटलं होतं याचा फार आनंद होईल. झालाही, एक-दोन दिवस. मग लक्षात आलं की मी कितीतरी दिवसांत कुणाला फोन केला नाही आणि मला कुणाचा आला नाही. मी इतकी वर्षं माणसांना फोन करत होते ते पार्टसाठी. ते उचलतही होते पार्टसाठी. आमच्यात फोन उचलल्यावर कुणी ‘कशा आहात’ विचारत नाही, सरळ विचारतात, काय हवंय.

काल संध्याकाळी मी हेमंतला फोन करायचं ठरवलं, आणि आधी कारण शोधायला बसले. वायपरचं बटण सैल आहे म्हणावं का? डिकीच्या कुलपाला चावी अडकते म्हणावं? दोन्ही ठणठणीत आहेत. अर्धा तास गाडीत बसून मी काहीतरी बिघडलेलं शोधत होते, आणि तेव्हा मला त्याचा पुठ्ठा नीट समजला. मग तशीच बसून फोन लावला.

“बोला ताई. काय हवंय?” हेमंत म्हणाला.

मला बोलायला इतका वेळ लागला की त्याने विचारलं, आवाज येतोय का.

“येतोय,” मी म्हटलं. “काही नकोय रे. सहज केला.”

पलीकडे त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो बसला.